बाज म्हणजे फक्त खाट नव्हे

खानदेशात 'बाज' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोरीने विणलेली खाट उभी राहते. उन्हाळ्यात अंगणात टाकायची, पाहुणा आला की वर गोधडी अंथरायची, ती बाज. याच नावाचा एक शिकारी पक्षी आहे आणि एके काळी राजेरजवाड्यांच्या मुठीवर तो मानाने बसत असे, हे सांगितले तर लोक आपल्याकडे जरा संशयानेच पाहतात. 'बहिरी ससाण्या'चे नशीब तर त्याहून वाईट. शाळकरी मुलांना वाटते, बिचाऱ्याला ऐकू येत नसावे. वास्तविक इथल्या 'बहिरी'चा कानांशी काही संबंध नाही. अरबी-फारसीच्या वाटेने आलेल्या या शब्दाच्या मुळाशी 'बहर' म्हणजे समुद्र आहे. समुद्राकडून येणारा तो बहिरी. झडप घालताना ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेग गाठणाऱ्या या पक्ष्याला आपण नुसत्या अज्ञानाने बहिरे करून टाकले आहे.

शब्दाचा अर्थ विसरला की समजावे, ती गोष्ट आपल्या घरातून केव्हाच निघून गेली आहे. घोड्याचे तसे झालेले नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते तेव्हा देशभरातून घोडे येतात, लाखांच्या गोष्टी होतात आणि आमचा साधा शेतकरीही घोड्याच्या कपाळावरचा भोवरा पाहून शुभाशुभ सांगतो. घोडा लक्षात राहिला. घोडेस्वाराच्या मुठीवर बसलेला पक्षी मात्र विस्मरणात गेला, आणि त्या पक्ष्याला शिकवणारा माणूस तर त्याच्याही आधी.

हे आठवण्याचे कारण असे की, अलीकडे घरोघरी दूरदर्शन संचावर आणि मुलांच्या हातातल्या मोबाइलवर मंगोलियातले गरुडवाले फार दिसतात. पश्चिम मंगोलियात बायान-ओल्गी नावाचा प्रांत आहे. तिथले कझाक लोक हिवाळ्यात घोड्यावर बसून सुवर्णगरुड घेऊन कोल्ह्यांच्या शिकारीला निघतात. त्यांच्या भाषेत गरुडाला 'बर्कुत' म्हणतात आणि गरुडवाल्याला 'बर्कुतची'. मादी नरापेक्षा मोठी आणि जोरकस, म्हणून शिकारीला मादीच पसंत करतात. पाच-सहा किलोंचा पक्षी तासन् तास हातावर पेलणे अवघड, म्हणून खोगिराला एक दुबेळके लाकूड लावलेले असते. त्यावर मनगट टेकवून स्वार डोंगराच्या कडेला उभा राहतो. खाली बर्फात कोल्हा दिसला की गरुडाच्या डोळ्यांवरची चामड्याची टोपी काढायची. पुढचे काम गरुडाचे. १९९९ पासून तिथे दर वर्षी गरुडांचा उत्सव भरतो. २०१४ साली आयशोलपान नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने त्यात बाजी मारली आणि २०१६ साली तिच्यावरचा चित्रपट जगभर गाजला.

आपण हे कौतुकाने पाहतो आणि 'केवढी संस्कृती जपली आहे या लोकांनी!' असे म्हणतो. जगानेही तसेच म्हटले आहे. शिकारी पक्षी पाळण्याच्या या विद्येला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेव्हा अकरा देश त्यात होते, २०२१ पर्यंत ते चोवीस झाले. मंगोलिया, कझाकस्तान, अरबस्तानातले देश तर आहेतच, पण बेल्जियम, आयर्लंड आणि आपला शेजारी पाकिस्तानही आहे. भारताचे नाव त्या चोविसांत नाही.

यावरून कुणाला वाटेल की आपल्याकडे हे नव्हतेच. सुवर्णगरुड आपल्याकडे हिमालयापुरता. त्याला उघडे थंड डोंगर लागतात, ते खानदेशात कुठून येणार? पण विद्या तीच होती, फक्त पक्षी वेगळे होते. बहिरी, लग्गड, बाज, आणि आजही आपल्या निंबाच्या झाडावर बसून सरड्यावर डोळा ठेवणारा शिकरा. ससाणा शिकारीमागे मैलभर दूर जातो, त्याला नजरेत ठेवायला घोड्यावाचून इलाज नसे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. राजाने मन कशात रमवावे हे सांगताना त्यात श्येनविनोदाचे, म्हणजे ससाण्याच्या शिकारीचे, स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या अगदी शेजारच्या राजधानीतला हा ग्रंथ. पुढे कुमाऊँच्या रुद्रदेव राजाने तर 'श्यैनिकशास्त्र' नावाचा सबंध ग्रंथच या विषयावर लिहिला.

मुघलांच्या काळात हा थाट आमच्या दारात आला. रावेरच्या पुढे गाडी बऱ्हाणपूरला थांबते. आज ते मध्य प्रदेशात असले तरी जुन्या खानदेशची ती राजधानी. तिथे तापीच्या पलीकडे आहूखाना आहे. 'आहू' म्हणजे हरिण. बादशाही शिकारीसाठी राखलेले हे रमण. १६३१ साली मुमताजमहल बऱ्हाणपुरात वारली तेव्हा तिचा देह आग्ऱ्याला नेण्यापूर्वी याच परिसरात ठेवला होता. ताजमहालाची ही पहिली पायरी सर्वांना ठाऊक असते, आहूखान्यातल्या शिकारखान्याचे मात्र कुणी नाव काढत नाही. मराठी राज्यातही अठरा कारखान्यांच्या याद्यांत 'शिकारखाना' आहेच. आणि नांदेडला, जिथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, तिथे घरोघरी त्यांची तसबीर दिसते. त्यांच्या हातावर पांढरा बाज असतो. त्या तसबिरीपुढे आपण हात जोडतो, पण तो पक्षी कोणता हे विचारायचे राहून जाते.

ही विद्या होती तरी कशी? पकडलेला पक्षी पहिल्या दिवशी माणसाला पाहून नुसता पंख आपटतो. म्हणून आधी त्याचे डोळे झाकायचे. आपल्याकडे जुन्या काळी यासाठी पापण्या दोऱ्याने बांधत असत. वाचतानाही अंगावर काटा येतो. पायांत मऊ कातड्याच्या वाद्या आणि एक लहानसे घुंगरू. मग जागरणे सुरू. पक्षी मुठीवर घेऊन बाजदार रात्ररात्र बसे, पहाटे बाजारातून हिंडे, माणसांचे, कुत्र्यांचे, भांड्यांचे आवाज त्याच्या अंगवळणी पाडी. पक्षी हातावरचा मांसाचा तुकडा घेऊ लागला की पायाला लांब दोरी बांधून दोन हातांवरून, दहा हातांवरून, मग शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलवायचे. आणि एके दिवशी दोरी सोडायची. पोट भरलेला पक्षी परत येत नाही, फार उपाशी ठेवलेल्या पक्ष्यात उडायचे बळ राहत नाही. या दोहोंमधला नेमका तोल बाजदाराच्या बोटांना कळावा लागतो. पक्ष्याच्या छातीचे हाड चाचपून तो त्या दिवशीचे खाणे ठरवी.

माझे आयुष्य बँकेत गेले, म्हणून मला ही विद्या माझ्या पद्धतीने समजते. दोरी सोडणे म्हणजे विनातारण कर्ज. पक्षी उडाला की तो तुमचा नसतो. त्याच्यावर कसली जप्ती नाही, नोटीस नाही, जामीनदार नाही. कुत्रा मालकावर माया करतो, घोडा घर ओळखतो, पण ससाण्याला तुमच्याविषयी काही वाटत नाही. या माणसाजवळ आपले पोट भरते, एवढाच त्याचा हिशेब. तो रोज जाऊ शकतो आणि तरी रोज परत येतो, हे त्या माणसाच्या कसबाचे प्रमाणपत्र. कझाक लोक तर सात-आठ वर्षे, कधी दहा वर्षे शिकार केल्यावर गरुडाला स्वतः डोंगरात नेऊन सोडून देतात, त्याने पिले घालावीत म्हणून. वसुली पूर्ण झाल्यावर खाते सन्मानाने बंद करण्याची ही रीत आहे.

अबुल फजलची 'आइने-अकबरी' चाळताना याच सवयीने माझी नजर हिशेबाच्या पानांवर थांबली. चित्त्यांचा रोजचा रतीब किती, पक्ष्यांना मांस किती, त्यांना सांभाळणाऱ्यांचा पगार काय, कोणत्या जातीच्या पक्ष्याची किंमत काय, सगळे नोंदलेले आहे. जहांगीरला इराणच्या शाह अब्बासकडून ससाणा आला आणि तो मेला, तेव्हा १६१९ साली बादशहाने उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढून घेतले. पक्ष्याचे चित्र राहिले, चित्रकाराचे नाव राहिले, बादशहाचे तर राहिलेच. ज्याने थंडीत जागून असे पक्षी माणसाळवले, त्या साध्या बाजदाराची नोंद फक्त पगाराच्या खात्यात. खानदेशचीही गोष्ट वेगळी नाही. जेम्स औट्रमने १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि पुढच्या दहा वर्षांत त्याने व त्याच्या सोबत्यांनी दोनशेहून अधिक वाघ मारले. वाघांची संख्या नोंदली गेली. माग काढत पुढे चालणाऱ्या भिल्लांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

मुठीवर पक्षी घेतलेला राजा चित्रात दिसतो. त्या मुठीपर्यंत पक्षी पोचवणारे हात बहेलियांचे, पारध्यांचे आणि त्यांच्यासारख्या रानावर जगणाऱ्यांचे. पारध्याची सारी विद्याच जनावराचे मन ओळखण्याची. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे करणारा फासेपारधी, शिकवलेल्या गाईच्या आडोशाने हरणाजवळ सरकणारा गायपारधी, पाळलेल्या तितराला बोलायला लावून रानातले तितर बोलावून घेणारा पारधी. आणि चित्ता शिकवून काळविटावर सोडणारा चित्तेवाला पारधी. कोल्हापूर संस्थानात तर विसाव्या शतकातही आफ्रिकेतून आणलेले चित्ते काळविटांवर सोडले जात.

या माणसांच्या वाट्याला पुढे काय आले? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या नव्या कायद्यानंतर तो देशभर लागू करता येऊ लागला. जन्मताच माणूस गुन्हेगार. रोज हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली. इतरत्र सुटका व्हायला १९५२ चा ऑगस्ट उजाडावा लागला. त्याच १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. ज्या वर्षी पारधी कागदावर मोकळा झाला, त्याच वर्षी त्याच्या विद्येतले सर्वांत देखणे जनावर कागदावरून पुसले गेले. पण एक गंमत पाहा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारध्यांच्या पोटनावांत आजही 'बहेलिया', 'शिकारी' आणि 'चित्ता पारधी' ही नावे छापलेली आहेत. चित्ता गेला, शिकारखाना गेला, सरकारी यादीत मात्र ती विद्या अजून श्वास घेते आहे.

ही यादी मी प्रथम वाचली ती १९८० च्या दशकात, धुळे जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत. एकात्मिक ग्रामीण विकासाच्या कर्जाचे दिवस होते. एक पारधी शेळ्यांसाठी कर्ज मागायला आला. काखेत कामट्यांचा पिंजरा, आत पाळलेला तितर. पत्ता विचारला तर म्हणाला, पावसाळ्यात एका शिवारात, उन्हाळ्यात तापीकाठी. कर्जासाठी दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव हवे, यादीत नाव यायला गावात घर हवे, आणि घर बांधायला गाव जागा देत नव्हते. दाखल्यासाठी तो तीन वेळा गावच्या कारभाऱ्यांकडे गेला आणि तिन्ही वेळा हात हलवत परतला. तो बाहेर ओट्यावर बसलेला असताना समोरच्या विजेच्या खांबावर शिकरा येऊन बसला. शिपाई म्हणाला, "तो पाहा, ससाणा." पारधी मान न वळवताच हसला. "शिकरा. मादी शे, साहेब. नर ल्हाना ऱ्हास." आवाजावरूनच त्याने जात आणि लिंग दोन्ही सांगितले होते. कर्जाच्या अर्जात मात्र 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यापुढे त्याच्यासाठी 'निरक्षर' एवढाच शब्द होता.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला शिकार पुन्हा सुरू करायची आहे का? मुळीच नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनी शिकारीचा दरवाजा बंद केला, हे योग्यच झाले. पापण्या बांधण्यात संस्कृती नाही. मुद्दा शिकारीचा नाही, त्या विद्येत साठलेल्या ज्ञानाचा आहे. शिकार थांबवता येते. तिच्याबरोबर ते ज्ञान आणि ते बाळगणारा माणूसही टाकून दिला पाहिजे, असे कुठे आहे?

अमेरिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. डीडीटीच्या फवारण्यांमुळे तिथल्या बहिरी ससाण्यांच्या अंड्यांची टरफले इतकी पातळ झाली की अंडी उबवतानाच फुटू लागली. १९७२ साली डीडीटीवर बंदी आली, पण पक्षीच उरले नव्हते. तेव्हा टॉम केड या प्राध्यापकाने १९७० साली उभ्या केलेल्या संस्थेने बंदिस्त जागेत ससाण्यांची पैदास केली आणि पिले कड्यांवर नेऊन सोडली. केड स्वतः ससाणे पाळणारा. पिलाला कसे भरवायचे, उडायला कसे शिकवायचे, परत रानात कसे सोडायचे, हे सारे ससाणेवाल्यांच्या जुन्या विद्येतून आले. १९९९ साली तो पक्षी तिथल्या संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला. आपल्याकडेही भावनगरचे धर्मकुमारसिंहजी स्वतः ससाणे उडवत आणि पुढे पक्षी-अभ्यासक म्हणून नावाजले. पण ते राजपुत्र होते. राजपुत्राचा छंद अभ्यास ठरला, पारध्याचे पोट गुन्हा ठरले.

खानदेशला तर हे आणखी जवळून समजायला हवे. सातपुड्यातला रानपिंगळा १८८४ नंतर कुणा अभ्यासकाला दिसला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेहून आलेल्या पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा सापडला. एकशे तेरा वर्षांनी हरवलेला पक्षी मिळाला म्हणून जगभर आनंद झाला, आणि तो रास्तच होता. पण सातपुड्याच्या पाड्यावरच्या माणसाला तो कधी हरवलेला वाटला असेल का? तो हरवला होता आपल्या कागदांतून. त्या माणसाला विचारायला एकशे तेरा वर्षांत कुणी गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. वनखात्यात राहून आदिवासींकडून, पारध्यांकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी विचारून घेणारा हा माणूस. त्यांचा 'पक्षिकोश' हातात घेतला की कळते, विचारले तर केवढे मिळते. ते काम एका माणसाच्या आयुष्यावर सोडून चालणार नाही. जळगावला बहिणाबाईंच्या नावाचे विद्यापीठ आहे, धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. एकाने पारध्यांच्या बोलीतले रानाचे शब्द टिपून घ्यावेत, दुसऱ्याने जुन्या दप्तरांतून खानदेशातल्या शिकारखान्यांचा शोध घ्यावा. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पक्षी मोजायला हौशी मंडळी दुर्बिणी घेऊन जातात. त्यांच्या सोबत दोन पारधी मानधन देऊन न्यावेत, दुर्बिणीवाल्यांचाच फायदा होईल. हे काही स्वप्नरंजन नव्हे. अकोला-वाशिमकडे फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोर आणि माळराने राखण्याचे काम चालले आहे. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात पारधी तरुण पर्यटकांना पायी हिंडवून रान दाखवतात.

यात शेतकऱ्याचाही स्वार्थ आहे. कापशी घार आणि घुबड ही शेतातल्या उंदरांची फुकटची राखण. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे आपल्या डोळ्यांदेखत गिधाडे संपत आली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोवर उशीर झाला होता. आकाशातून पक्षी कमी होतो आहे, हे सर्वांत आधी कुणाला कळते? जो आकाशाकडे पोटासाठी पाहतो त्याला. पण त्याला विचारण्याची आपल्याला सवय नाही आणि आपण होऊन सांगण्याची त्याला हिंमत नाही. चोरी झाली की आजही पहिले पोलीस त्याच्याच पालावर जातात.

अमरावती जिल्ह्यात फासेपारध्यांच्या मुलांसाठी त्यांच्यातल्याच एका तरुणाने शाळा काढली. तिचे नाव 'प्रश्नचिन्ह'. याहून नेमके नाव मला सुचले नसते. २०१९ साली त्या शाळेची काही जागा समृद्धी महामार्गात गेली.

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते विमानाने आणून कुनोच्या जंगलात सोडले. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. सत्तर वर्षांनी चित्ता परतला याचा मलाही आनंद झाला. त्यांच्या गळ्यात पट्टे आहेत, प्रत्येकाची नोंद आहे, आजारी पडला तर वैद्य धावतो. चित्त्याला परत आणायला आपल्याला विमान परवडले. 'चित्ता पारधी' कुठे गेलेला नाही. तो इथेच, आपल्या शिवाराच्या कडेला, पालात राहतो. त्याच्यासाठी विमान नको, जातीचा दाखला, रेशनकार्ड आणि मुलाला शाळेत जागा एवढे पुरे. त्यासाठी लागणारी फाइल तहसील कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची असते. ते अंतर नामिबियाहून फार कमी आहे.